हलूनका साहेबांचं आकाश

हॉस्पिटलात आमच्या ह्यांना खऱ्या नावाने कुणी ओळखत नाही. एक्स-रे काढायला आलेल्या माणसाला टेबलावर निजवायचं, हात-पाय हवे तसे ठेवायचे, जाड काचेमागे जायचं आणि म्हणायचं, "श्वास घ्या. रोखा. हलू नका." आयुष्यभर हेच चाललंय. तेव्हा लिफ्टवाल्यापासून थेट विभागाच्या मोठ्या मॅडमपर्यंत सगळ्यांच्या तोंडी हे 'हलूनका साहेब' होऊन बसले. एकदा कुणीतरी घरी फोन करून मलाच विचारलं, "मिसेस हलूनका का?" मी म्हटलं, "हो, बोला." काय करता!

आता गंमत बघा. जगाला हलू नका म्हणून सांगणाऱ्या या माणसाची गाठ पडली ती माझ्याशी. माझ्या पायाला भिंगरी. पुढच्या खोलीत माझं पडदे शिवायचं काम चालतं. पण मशीनवर बसले तरी मध्येच उठून गॅसवरचं बघ, दारात कोण आलंय बघ, शेजारणीचं काय चाललंय ते बघ, असं सुरूच. तोंडही पायांसारखंच, थांबेल तर शपथ. आणि हे? खुर्चीत बसले की बसले. भांडतानासुद्धा हलत नाहीत. मी खोलीभर येरझारा घालत भांडते आणि हे जागच्या जागी बसून हरतात. हरतात म्हणजे आपलं मला तसं वाटतं. दोन दिवसांनी लक्षात येतं की सगळं त्यांच्याच मनासारखं झालंय.

त्यांची कामाची खोली तळमजल्यावर, बिनखिडकीची. भिंतींत शिसं, दार जाडजूड. सकाळी आत गेलं की बाहेर ऊन आहे की आभाळ भरून आलंय, कळायला मार्ग नाही. नवीन लग्न झालं तेव्हा मला वाटायचं, बिचारा माणूस तिथे कुढत असेल. छे! हे एकदम मजेत. कुणाच्या मनगटात केसाएवढी चीर सापडली की घरी येऊन असं सांगणार, जणू हरवलेली किल्ली मिळाली. फक्त एक होतं. संध्याकाळी बाहेर पडले की आधी मान वर. समोरून कुणी हात केला तरी ह्यांचं लक्ष आकाशात. लोकांना वाटायचं, साहेबांना शिष्टपणा आलाय.

लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली तेव्हा तिने नवा कॅमेरा घेतला आणि जुना घरी ठेवला. कपाटात पडून बुरशी धरेल म्हणून मीच तो ह्यांच्या हातात दिला. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. त्यानंतर आमच्या घरात चंद्र नसलेल्या रात्री कॅमेऱ्याच्या मालकीच्या झाल्या. आणि नवऱ्याला एकट्याला रानोमाळ सोडायचं कसं? म्हणून थर्मास, शाल आणि अंधारात डोळे दिपू नयेत म्हणून लाल कागद चिकटवलेली बॅटरी घेऊन मीही निघाले. शिवाय खरं सांगायचं तर मला भटकायला आवडतं.

रात्रीच्या आकाशाचा फोटो म्हणजे कॅमेरा वर धरायचा आणि बटण दाबायचं, असं मी समजत होते. तसं नसतं हो ते. आपल्या डोळ्यांना वरचे तारेही दिसतात आणि खालचं झाडही दिसतं. कॅमेऱ्याला एका दमात दोन्ही जमत नाही. ताऱ्यांच्या मापाने काढावा तर जमीन काळीठिक्कर. जमिनीच्या मापाने काढावा तर तारे फरफटून त्यांच्या रेघा. म्हणून ही मंडळी दोन वेगवेगळे फोटो काढतात. तिन्हीसांजेला, थोडा उजेड शिल्लक असताना, जमिनीचा. मग अंधार पडेपर्यंत वाट बघायची आणि आकाशाचा. घरी येऊन कॉम्प्युटरवर दोन्ही जोडायचे. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी फाडकन म्हटलं, "म्हणजे खोटंच की सगळं!"

ह्यांना लागलं ते. जेवणं झाली, भांडी झाली, आणि मग म्हणाले, "तू मोठा पडदा दोन पन्हे जोडून शिवतेस. मध्ये शिवण असते. मग तो पडदा खोटा का?"

"माझे दोन्ही पन्हे एकाच ताग्यातले असतात," मी म्हटलं.

"माझेही," हे म्हणाले.

आणि खरंच, त्या बाबतीत माणूस भलता कडक. जागा तीच हवी, रात्र तीच हवी, आणि ट्रायपॉड एकदा रोवला की आकाशाचा शेवटचा फोटो निघेपर्यंत त्याला बोट लावायचं नाही. एकीकडचा डोंगर आणि दुसरीकडचं आकाश असलं काही करायचं नाही. इंटरनेटवर लोक घराच्या छपरावर हवं ते आकाश आणून चिकटवतात, ते बघितलं की हे नाक मुरडतात आणि कॉम्प्युटर बंद करतात. तेवढाच त्यांचा राग.

जोडायचं काम रविवारी सकाळी, जेवणाच्या टेबलावर. मी आधी लांबूनच बघायचे, मग जवळ जाऊन, मग त्यांच्या खांद्यावरून. स्क्रीनवर खाली जमिनीचा फोटो, त्याच्यावर आकाशाचा. मग माऊसने एक बारीक ब्रश फिरवून वरच्या फोटोला पुसत न्यायचं, म्हणजे खालची जमीन दिसायला लागते. डोंगराची कड सोपी. खरी परीक्षा झाडाची. एकेका पानाभोवती आकाश असतं, फांद्यांच्या बेचक्यांत असतं. तिथे ब्रश जरा इकडे गेला की झाडाला उजेडाची किनार येते, जरा तिकडे गेला की काळा घेर. हे एका झाडावर अख्खी सकाळ घालवायचे. मी म्हणायचे, "एवढ्या वेळात नवीन झाड उगवलं असतं."

पण मग एक दिवस सहज बोलून गेले, "डावीकडच्या फांदीशी जोड दिसतोय." हे चमकले. बघतात तर खरंच. अहो, जन्म गेला माझा पट्ट्यापट्ट्यांचं कापड शिवणीवर जुळवण्यात. जोड मला दिसणार नाही तर कुणाला? तेव्हापासून ठरूनच गेलं. फोटो पुरा झाला की हे मला हाक मारणार. मी हात पुसत येऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दारापाशी उभी राहणार. हे विचारणार, "दिसतोय?" मी दिसतोय म्हटलं की निमूटपणे परत बसणार. मी नाही म्हटल्याशिवाय एकही फोटो आमच्या घरातून बाहेर गेलेला नाही. लेक म्हणते, "आई म्हणजे बाबांचं सेन्सॉर बोर्ड."

एका गोष्टीवरून मात्र मी रागावले होते. चांगलीच. एका संध्याकाळी तलावाकाठी ह्यांनी जमिनीचे फोटो काढले तेव्हा मी नवी पिवळी शाल पांघरून मुद्दाम समोरून फिरत होते. म्हटलं, येऊ दे की आपणही एकदा. आणि फोटो तयार झाला तेव्हा तलाव आहे, दगड आहेत, काठावरचं गवतसुद्धा आहे, आणि मी नाही. पिवळ्या शालीचं सूतही नाही.

"मी कुठेय?"

हे कानकोंडे झाले. मग समजावलं. संध्याकाळच्या अंधूक उजेडात एकटा फोटो रवाळ, दाणेदार येतो, म्हणून ते एकाच जागेचे पुष्कळ फोटो काढतात. ते एकावर एक रचले की कॉम्प्युटर सगळ्यांमध्ये सारखं असेल तेवढं ठेवतो आणि बाकीचं टाकून देतो. कचरा जातो, दाणे दाणे जातात, फोटो स्वच्छ होतो. "तू हलत होतीस," हे म्हणाले. "जे हलतं ते जातं."

"म्हणजे मी कचऱ्यात गेले!"

मी दोन दिवस बोलले नाही. माझ्यासाठी हा विक्रमच होता. तिसऱ्या दिवशी शेजारणीकडची बातमी सांगायची होती म्हणून सोडून दिलं. पण त्यानंतरही कुठल्याच फोटोत मी आले नाही. येणार कशी? एका जागी बसणं माझ्या रक्तातच नाही. मी आपलं मनाशी म्हटलं, आपण काय, थर्मासवाल्या.

आता मूळ गोष्टीवर येते. ह्यांच्या निवृत्तीचं वर्ष आलं आणि त्याच वर्षी एक्स-रे विभागापुढे पेशंटना बसायला नवा हॉल बांधला. तोही बिनखिडकीचा. मोठ्या मॅडमना कल्पना सुचली. ह्यांना बोलावून म्हणाल्या, "साहेब, ती समोरची अख्खी भिंत तुमची. तुमच्या आकाशाचा फोटो भिंतभर लावू. लोक तासन्तास बसतात इथे, त्यांना जरा वर बघायला काहीतरी मिळेल."

त्या दिवशी हे घरी आले ते गुणगुणत. मी मशीन थांबवून बघायला गेले की घरात दुसरं कोणी आलंय का. जेवताना म्हणाले, "तिथून जायच्या आधी एवढं एक नीट करून जावं." बस, एवढंच. पण मला कळलं. त्या खोलीत ह्यांचं अख्खं आयुष्य गेलं आणि तिथे ह्यांच्या हातची एक वस्तू राहणार नव्हती. एक्स-रे तर ज्याचे ते घेऊन जातात. ही भिंत राहणार होती. मलाही ती हवीशी झाली, ह्यांच्याहूनही जास्त.

जागा ह्यांनी कधीच हेरून ठेवली होती. शहराबाहेर पठारावर एक जुनं, बंद पडलेलं पंपघर आहे. त्याच्या बाजूला एकच झाड, मागे डोंगरांची ओळ. अमुक दिवसांत त्या डोंगरांवरून आकाशगंगा सरळ उभी चढते, असं ह्यांनी हिशेबाने काढलं होतं. पण ते दिवस संपत आले आणि आभाळ काही हटेना. रोज संध्याकाळी गच्चीत जाऊन मान वर, आणि मान खाली घालून परत. भिंत रंगवून झाली, छापणाऱ्याने तगादा लावला. मॅडम म्हणाल्या, "साहेब, पंपघराचा फोटो काढा आणि तुमच्याकडचं जुनं आकाश लावा. कुणाला कळणार आहे?"

"मला," हे म्हणाले. आणि वर, "मॅडम, मी एकाचं हाड दुसऱ्याच्या रिपोर्टला कधी लावलेलं नाही."

मला विचाराल तर मला मॅडमचंच पटलं होतं. आकाश म्हणजे आकाश, त्याला काय गावाची वेस असते? तसं मी बोललेही. हे ढिम्म.

शेवटी एकदाचं आभाळ उघडलं. नेमका त्याच दिवशी माझाही जीव मेटाकुटीला आला होता. हॉस्पिटलच्याच नव्या हॉलमध्ये कपडे बदलायच्या छोट्या खोल्या केल्यात, त्यांच्या पडद्यांचं काम माझ्याकडे आलेलं. ओळखीने नव्हे बरं, हॉस्पिटलचे पडदे आधीपासून मीच शिवते. सकाळपासून मशीनवर बसून पाठीचा कणा दुखत होता. पण हे दारात बॅग घेऊन उभे राहिले, आणि मी शाल उचलली.

पठारावर पोचलो तेव्हा सूर्य नुकताच गेला होता. वारा पडलेला. झाडाचं पान हलत नव्हतं. ह्यांच्या मनासारखंच झाड. ट्रायपॉड रोवला, माप घेतलं, तिन्हीसांजेच्या निळसर उजेडात पंपघराचे, झाडाचे, डोंगरांचे फोटो काढले. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर बघितले आणि मला बोलावून दाखवले. इतके सुरेख आले होते की मी उगाच खोड काढायलाही गेले नाही. मग अंधार पडायची वाट. मी थर्मास घेऊन पंपघराच्या पायरीवर जाऊन बसले. हे कॅमेऱ्याची बॅटरी बदलायला बॅगेकडे वळले, आणि त्यांचा पाय ट्रायपॉडच्या पायात अडकला.

पडला नाही. ह्यांनी झेललाच. पण जागेवरून सरकला, चांगला वीतभर.

"हललं," हे म्हणाले. इतक्या हळू की मला ते पठार शांत होतं म्हणून ऐकू आलं.

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी सोडलं नसतं. आयुष्यभर दुसऱ्यांना सांगणारा माणूस आणि स्वतःच! पण त्यांचा चेहरा बघून शब्द गिळले. जमिनीचा उजेड तर गेला होता, तो परत येणार नव्हता. ह्यांनी अंदाजाने ट्रायपॉड मागे सरकवला, पुन्हा पुढे केला, मग सोडूनच दिला. मी चहा ओतून दिला. त्यांनी तो न पिता हातात धरून ठेवला. मी पुन्हा पायरीवर जाऊन टेकले. पाठ दाराला लावली, चपला काढल्या, शाल ओढून घेतली. एवढंच आठवतं. त्यानंतर हे खांद्याला हात लावून उठवत होते आणि सामान गाडीत भरून झालेलं होतं.

घरी आल्यावर बघितलं तर आकाश काय आलं होतं! असं आकाश ह्यांना आजवर मिळालं नव्हतं. आणि तिन्हीसांजेची ती सुरेख जमीन. आणि दोन्हींच्या मध्ये ट्रायपॉडची ती वीतभर सरक. झाड जवळचं, डोंगर लांबचा. कॅमेरा सरकला की जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी. झाड जुळवलं की डोंगर जुळेना, डोंगर जुळवला की झाडाला दोन बुंधे. हे रविवारभर बसले. मग संध्याकाळी कामावरून आल्यावर बसायला लागले. शेवटी त्यांनी ते केलं, जे त्यांनी एरवी कधीच केलं नसतं. डोंगर जरासा ओढला, जरासा दाबला, आणि बसवला.

मला बोलावलं. मी दारापाशी उभी राहिले. ह्यांनी विचारलं नाही, नुसते बघत राहिले माझ्याकडे.

खरं सांगते, 'जोड दिसत नाही' म्हणावं असं फार वाटलं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "डोंगर ओढल्यासारखा वाटतोय. कापड तिरकं कापलं की पडदा एका बाजूला खेचतो ना, तसा."

"हो," हे म्हणाले, आणि त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. त्या रात्री जेवले, पण ताटात काय होतं ते त्यांना सांगता आलं नसतं. माझा जीव तुटला. वाटलं, मेली ती जीभ, एक दिवस गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं! छापणाऱ्याचा पुन्हा फोन आला. मी सांगितलं, साहेब घरात नाहीत. साहेब समोर खुर्चीत बसले होते.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले ते वेगळ्याच चालीने. म्हणाले, ट्रायपॉड हलल्यावर, आकाशगंगा वर यायची वाट बघताना, त्यांनी नव्या जागेवरून जमिनीचेही फोटो काढून ठेवले होते. गडद अंधारात, नुसत्या चांदण्यांच्या उजेडात, प्रत्येक फोटो कितीतरी मिनिटांचा. ते काळपट आणि रवाळ, म्हणून त्यांनी उघडूनसुद्धा बघितले नव्हते. तिन्हीसांजेच्या फोटोंचा मोह सुटत नव्हता ना! पण या जमिनीची आणि त्या आकाशाची जागा एकच होती. तागा एकच होता.

मग बसले त्याच्यावर. सगळे फोटो एकावर एक रचले, रवाळपणा बराच गेला. झाडाभोवती ब्रश फिरवताना त्यांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला, म्हणजे स्क्रीनवर उजेड नको. मला आत यायला बंदी. आणि एका सकाळी हाक आली.

मी दारापाशी उभी राहिले आणि माझ्या अंगावर काटा आला. तिन्हीसांजेच्या फोटोची झिलई याच्यात नव्हती. पण पठारावर उभं राहिल्यावर दिसतं ना, डोळे अंधाराला सरावल्यावर, तसंच होतं हुबेहूब. झाड काळोखात उभं, आणि त्याच्या फांद्यांतून तारे. जोड शोधला. वरून शोधला, खालून शोधला.

"दिसतोय?"

"नाही. जोड नाही. फक्त ते खाली पंपघराशी काय आहे? पोतं विसरलंय का कुणी?"

ह्यांनी स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "असू दे," म्हणाले, आणि फोटो छापायला पाठवून दिला. ताकास तूर लागू दिली नाही.

चार दिवसांनी मी पडद्यांचं शेवटचं माप बघायला नव्या हॉलमध्ये गेले. तिथे भिंतीच्या खालच्या निम्म्या भागावर नमुना म्हणून फोटोचा मोठा कागद टांगलेला होता, रंग बरोबर आहेत का बघायला. मी त्याच्याकडे पाठ करून, स्टुलावर चढून, कपडे बदलायच्या खोलीचा पडदा दांडीला लावत होते. गळ्यात टेप, तोंडात पिना. मागून पावलं आली. मोठ्या मॅडम आणि हे.

"वा, साहेब!" मॅडम म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एकच करा. ते पायरीवर माणूस आहे ना, ते काढून टाका. तुम्हाला काय, दोन मिनिटांचं काम."

माणूस? मी मान वळवली. इतक्या मोठ्या कागदावर पोतं राहिलंच नव्हतं ते. पंपघराच्या पायरीवर, दाराला पाठ टेकून, शाल गुंडाळून मी बसले होते. चपला बाजूला जोडीने काढून ठेवलेल्या. मान एका खांद्यावर कललेली, आणि तोंड, काय सांगू, सताड उघडं. म्हणजे एवढा वेळ, त्या सगळ्या फोटोंभर, मी एकदाही हलले नव्हते.

"काढता येईल," हे म्हणाले. "पण काढणार नाही."

"अहो, पण इथे लोक आधीच घाबरलेले येतात. त्यांना समोर असं निपचित पडलेलं माणूस दाखवायचं?"

"निपचित नाही, मॅडम. घोरत होती. फोटोत आवाज येत नाही, एवढंच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तोंडात पिना! मॅडम हसल्या नाहीत. त्यांचंही चुकत नव्हतं, विभाग त्यांना चालवायचा होता. "साहेब," त्या म्हणाल्या, "परवा भिंतीवर चढवायचाय. एवढ्यासाठी अडून बसू नका. माणूस असलेला फोटो मी इथे लावणार नाही."

तेव्हा मात्र मी घाबरले. ही भिंत ह्यांना किती हवी होती ते मला माहीत होतं. मी भराभर पिना काढायला लागले, सांगायला, की अहो काढा मला, माझं काय अडलंय, आजवर कुठल्या फोटोत होते म्हणून याच्यात असायलाच हवं! पण पिना पुष्कळ होत्या आणि हे आधी बोलले.

"मग भिंत मोकळी ठेवा," हे म्हणाले. आवाज चढला नाही, हातही हलला नाही. "ती तिथे होती. मी जातो तिथे ती येते. थंडीत येते, डासांत येते, पाठ दुखत असताना येते. दर वेळी माझ्या फोटोतून पुसली जाते, कारण ती हलते. या वेळी ती हलली नाही. आता मी माझ्या हाताने तिला पुसू? तिला काढलं तर हा फोटो खोटा होईल, मॅडम. आकाश कितीही खरं असू दे."

लग्नानंतर एवढी वाक्यं सलग बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. मॅडमनीही ऐकलं नसावं. त्या पुन्हा फोटोकडे वळल्या आणि जरा वेळाने, वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "कोण आहेत या?"

ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी स्टुलावर, एका हातात पडदा, एका हातात पिनांचा झुबका. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, परत माझ्याकडे. आणि मग त्या हसल्या, चांगल्या पोटभर हसल्या. "राहू द्या," म्हणाल्या. "कुणी विचारलं तर सांगू, झोपल्यात म्हणून." आणि छापणाऱ्याला फोन लावत निघून गेल्या.

हॉलमध्ये आम्ही दोघंच उरलो. माझा जीव भांड्यात पडला होता, पण म्हणून काय सोडते की काय! मी स्टुलावरूनच सुरू केलं. "मी पोतं म्हटलं तेव्हा बोलला का नाहीत? सांगायचं की, अगं तू आहेस ती!"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, तोंड उघडं आहे, शाल चुरगळलीय, मी जागी असताना परत काढा."

"म्हणालेच असते! मग काढायचा!"

"जागेपणी तू राहत नाहीस गं फोटोत," हे म्हणाले. "दर वेळी तू जिथे बसतेस, तिकडेच तोंड करून कॅमेरा लावतो मी. म्हणतो, आज तरी राहील."

मला एवढं रडू आलं की पडद्याचं माप चुकलं. दुसऱ्या दिवशी परत जाऊन घ्यावं लागलं.